क्रुसामागची मंजिरी
चिंचेच्या पाण्यात दागिने उजळताना मला ती गोव्याची आया हमखास आठवते. कापसाच्या तेजीत कास्तकारांच्या गोठ-पाटल्या घडवताना आम्हा अमरावतीच्या सोनारांना मान वर करायला फुरसत नव्हती. गोऱ्या व्यापाऱ्याकडे कामाला असलेली ती आया आपल्या आजीचा सोन्याचा क्रूस मोडून कानातले डूल करून घ्यायला आली. क्रूस म्हणजे विलायतीच, असं सांगून मी मोकळा झालो आणि सोनं वितळवायची मूस तापवली. बायकोनं क्रूस उलटून पाहिला. मागं तुळशीची बारीक मंजिरी कोरलेली होती. "विलायतेत तुळस रायते काय जी?" तिनं मला विचारलं. "हा तर गोव्याच्याच सोनाराचा हात दिसते." आया हळूच म्हणाली, "आजी सांगायची, पूर्वी आमच्याही दारात तुळस होती." क्रूस तिनं परत गळ्यात घातला. तेव्हापासून दागिना मुशीत टाकण्याआधी मी उलटून पाहतो.