तलावाकडची भिंत

खरं सांगायचं तर ती भिंत धड होऊ नये असंच मला वाटत होतं, आणि ती धड करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं.

माझं माहेर सानगडीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. दोन खोल्या आणि पुढे छपरी, एवढंच घर. तीन भिंती बाबांनी एकेक करून विटांच्या केल्या. चौथीपर्यंत पोचायच्या आत ते थकले, म्हणून तलावाकडची भिंत मातीचीच राहिली. नेमकी तीच वाईट जागी आहे. तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला मधे एक झाड आडवं येत नाही. झड लागली की पाणी वरून पडतच नाही, समोरून येतं आणि थेट त्या भिंतीवर आपटतं. बाबा गेल्यावर दोन पावसाळे मायनं ताडपत्री बांधून काढले. गेल्या भादव्यात वाऱ्यानं ताडपत्री फाडली आणि भिंतीचा हातभर तुकडा आत पडला. माय तेव्हा शेजारी गेली होती म्हणून वाचली, कारण तिची बाज त्याच भिंतीला टेकून होती.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले आणि माझ्याकडे राहायला चल म्हणून मायशी भांडले. मला भांडता चांगलं येतं, तीस वर्षं शाळेत मुलांना ओरडण्यात गेली आहेत. माय पडलेल्या मातीत पाणी घालून पायानं तुडवत होती. तुडवता तुडवता तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग निकाल दिला.

"मिरगाच्या आधी भित झाकली त मी इथंच. नाही झाकली त येतो तुह्या घरी. मंग बोलजो नोको."

"कोण झाकणार?"

"तूच. दुकानं तुह्या भंडाऱ्यात हायेत. पाहून आन काय भेटते थे."

आता माझी बाजू. मी भंडाऱ्याला एकटी राहते. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा नोकरीसाठी लांब आहे, आणि मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. मागची खोली मी मायसाठी आवरून ठेवली होती. सहज उठता-बसता येईल अशी बेताच्या उंचीची खाट आणली, न्हाणीघरात बसायला स्टूल ठेवलं, खिडकीला जाळी बसवली. हे सगळं मी एकाही दुकानात भिंतीची चौकशी करण्याआधी केलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

पूर्वी त्या भिंतीचा प्रश्न असा उभाच राहत नसे. तेव्हा भिंतीवर बाहेरून बांधायला बांबूचे विणलेले तट्टे होते. दरवर्षी रोहिणी लागल्या की बाबा बुरडाकडून तट्टे आणत, पुरुषभर उंचीचे, ओल्या बांबूचा वास येणारे. ते बांधायची रीत दोन माणसांची होती. भिंतीला ओळीनं आरपार भोकं ठेवलेली होती. बाबा बाहेर, माय आत. बाबा सुंभाची दोरी लांब सुयानं भोकातून आत ढकलायचे, माय ती ओढून शेजारच्या भोकातून परत बाहेर काढायची, आणि मग बाबा गाठ मारायचे. तट्टा आणि भिंत यांच्या मधे उभ्या काड्या घालायच्या, म्हणजे चार बोटं जागा राहते आणि भिंतीला वारा लागतो. दिवाळीला सगळं सोडायचं.

मी आत मायजवळ बसायची. एकेक तट्टा चढला की भोकांतून येणारा उजेड कमी व्हायचा आणि दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. दोघांमधे भिंत असल्यामुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागे. एरवी आमच्या घरात नवराबायको एकमेकांशी फारसं बोलत नसत, म्हणजे बोलत ते भात, बैल आणि पाहुणे यांच्याबद्दल. त्या दिवशी मात्र वर्षभराचं निघायचं. "मांडवात मले काहून नाही बसू देल्लं?" माय आतून विचारायची, आणि बाहेरून उत्तर यायचं, "तुह्या भावानं सांगितलं होतं, मी काय करू?" तोंड दिसत नसल्यामुळे दोघंही धीट व्हायची. भांडण शेवटच्या गाठीपर्यंत पुरायचं आणि मग बाबा हातपाय धुऊन आत येऊन जेवायला बसायचे, जसं काही झालंच नाही. माझ्या लहानपणातला तो दिवस मला दिवाळीपेक्षा जास्त आवडायचा, हे आज लिहितानाही तितकंच खरं आहे.

मग मी मोठी झाले आणि मला त्या तट्ट्यांची लाज वाटायला लागली. मला पाहायला पाहुणे येणार होते. पाळीवरून येताना त्यांना पहिल्यांदा दिसणार ती तीच बाजू, गोठ्यासारखी झाकलेली. मी दोन दिवस जेवले नाही. बाबांनी तट्टे काढले आणि नवाकोरा पत्रा आणला. मी म्हटलं, एकदम भिंतीला चिकटवून लावा, फट दिसली तर गावंढळ दिसतं. वारा लागला नाही तर भिंतीचं काय होतं ते बाबांना माहीत होतं. तरी त्यांनी मी सांगितलं तसाच लावला. लग्न जमलं, मी भंडाऱ्याला आले आणि पत्र्याचं विसरून गेले. त्या पावसाळ्यात पत्र्याच्या आत भिंतीला घाम सुटला. दिवाळीला पत्रा काढला तेव्हा भिंतीचा पाया भिजवलेल्या कणकेसारखा झाला होता. बाबांनी तो हिवाळाभर बसून परत बांधला आणि पुढच्या वर्षापासून पुन्हा तट्टेच लावले. कोणी विचारलं तर सांगत, "माह्याच डोक्यात आलं होतं पत्र्याचं." मला हे कितीतरी वर्षांनी मायकडून कळलं. बाबांना मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तर यंदा चैत्रात मी पुन्हा त्याच भिंतीसाठी पसंती करायला निघाले. आधी बुरडाकडेच गेले. म्हातारा आता नाही. त्याचा मुलगा सुपं आणि लग्नाच्या टोपल्या विणतो. "मोठे तट्टे आता कोनी नाही विणत, बाई," तो म्हणाला. "हात बसला नाही आमचा." मी फार आग्रह केला नाही. बाहेर येताना मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

भंडाऱ्यात मोठ्या रस्त्यावर एक दुकान आहे, तिथे भिंतीवर बाहेरून लावायच्या सगळ्या वस्तू मिळतात. दुकानदार बोलका. त्यानं प्लास्टिकचं पॅनेल पुढे केलं, दिसायला हुबेहूब लाकूड. "मॅडम, कोकणात समुद्राच्या काठच्या बंगल्यांना हेच लावून राहिले. खारा वारा, पानी, कायचाच परिणाम नाही." मी त्याचा एक तुकडा घेतला, रंगीत पत्र्याचा एक घेतला आणि सिमेंटच्या बोर्डाचा एक, पाटीएवढा. तिन्ही पिशवीत घालून माहेरी नेले. बसमध्ये शेजारच्या बाईनं पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, दगड कुठे नेता?

मायनं त्या तुकड्यांची जी परीक्षा घेतली, तशी मी दहावीच्या पोरांचीही कधी घेतली नसेल. पत्र्यावर तिनं मूठभर तांदूळ वरून सोडले. आवाज ऐकून म्हणाली, "हे लावलं त घरात मानसाले मानसाचं बोलनं आयकू येनार नाही." पत्रा बाद. प्लास्टिकचा तुकडा तिनं वाकवला, उन्हात ठेवला, परत वाकवला. मी दुकानदाराचं समुद्राचं सगळं सांगितलं.

"समुद्राकाठी वांदरं हायेत काय?"

"मला काय माहीत?"

"आपल्या इथं हायेत. एका दिवसात उपटून नेतेत हे." प्लास्टिकही बाद.

सिमेंटचा तुकडा तिनं पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला आणि आम्ही जेवून घेतलं. दुपारी काढला, नखानं खरवडला, दाराच्या उंबऱ्यावर आपटला. तुकडा तसाच. तिचा चेहरा खुलला. "हे बरं हाये. गुमान बसते."

मी ताबडतोब दोष काढायला बसले. हा जड आहे, मातीच्या भिंतीला वजन पेलणार नाही. खिळा धरणार नाही. रंग उडेल. आणायला गाडी लागेल. पाळीवर गाडी कशी येणार? माय शांतपणे बादलीतलं पाणी तांब्यानं तुळशीला घालत होती.

"भितीले कायले लावतं?" ती म्हणाली. "लोखंडाचे खांब गाड चार बोटं सोडून, वरून वाशाले बांध, अन् खांबाले लाव. भितीवर भारच नाही. खालून-वरून मोकळं ठेव, वारा खेळते."

ऐंशीला टेकलेल्या, कधी शाळेत न गेलेल्या बाईनं चार वाक्यांत माझे मोठे आक्षेप झाडून टाकले होते. तरी मी म्हटलं, "आणि उंदीर शिरले मधे तर?"

तिनं तांब्या खाली ठेवला.

"तू कोनाच्या बाजूनं हायेस? भितीच्या का पावसाच्या?"

मग मला रडू आलं. मी सगळं सांगितलं. खाट, स्टूल, जाळी. घरात संध्याकाळी दिवा लावला की दुसऱ्या कोणाची चाहूल नसते ते. मिरगापर्यंत काही जमू नये म्हणून मी पाय ओढत होते तेही. मला वाटलं ती रागावेल. ती माझ्याजवळ येऊन खाली बसली, गुडघ्याला हात लावत, कण्हत.

"पोरी, तुह्या घरी मी आली त मी पाहुनी होईन. तू चहा देशीन, मी पेईन. तू म्हनशीन झोप, मी झोपीन. इथं तू येते तवा मी तुही माय राह्यतो. हे भित गेली त मले मायपन कुठं ठेवू?"

भंडाऱ्याला परतल्यावर मी थेट दुकानात जाऊन बोर्डांचे पैसे भरले.

सिमेंटचे बोर्ड आले. ट्रॅक्टरवर, कारण पाळीवर दुसरं काही येत नाही. लावणारा कारागीर साकोलीकडचा होता. त्याला ती चार बोटांची फट अजिबात पटेना. "फट राहिली त लोकं म्हनतीन काम कच्चं केलं," तो म्हणाला आणि भिंतच वाकडी आहे, उतार बरोबर नाही, असं काय काय सांगू लागला. नाचता येईना अंगण वाकडं. माय मधे पडायच्या आत मीच तोंड उघडलं. चिकटवून लावलेल्या पत्र्याची, कणीक झालेल्या पायाची गोष्ट मी त्याला अंगणात उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि तो पत्रा कोणाच्या हट्टानं लागला तेही सांगितलं. शेजारपाजारचे चार लोक ऐकत होते. बाबांनी इतकी वर्षं स्वतःच्या नावावर घेतलेली चूक मी माझ्या नावावर केली, त्यांच्याच भिंतीपुढे. कारागिरानं निमूटपणे चार बोटं मोजली.

आता सगळं बाहेरूनच स्क्रूनं बसतं, आत कोणी लागत नाही. काम चाललं होतं तेव्हा मी आत जाऊन बसले. दोरीची ती जुनी भोकं तशीच होती, कडा घासून गुळगुळीत झालेली. मी मायला म्हटलं, ही राहू देऊ. "कायले? मुंग्या येतेत," ती म्हणाली आणि चिखलाचा गोळा घेऊन एकेक भोक बुजवत गेली. शेवटच्या भोकाशी मात्र तिचा हात थांबला. तिनं भिंतीला तोंड लावून हळूच काहीतरी म्हटलं. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग तिनं तेही बुजवलं.

मृगाच्या चार दिवस आधी काम झालं. ठरल्याप्रमाणे माय तिथेच राहिली आणि मी भंडाऱ्याला परत आले.

आषाढात तीन दिवस झड लागली. माझ्या खिडकीवर पाणी आपटत होतं आणि मला पाळीवरचा वारा ऐकू येत होता. फोन लागत नव्हता. बोर्ड उडाला असेल, खांब हलले असतील, भिंत आत आली असेल. पसंती मायची, पण वस्तू शोधून आणली होती मी, आणि मी पूर्वी एकदा चुकलेली होते. स्वयंपाक करावासा वाटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाचा फोन लागला.

"भित कशी आहे?" मी विचारलं.

"कोरडी ठक्क हाये. आतून हात फिरवून पाह्यलो आता." मग तिनंच विचारलं, "तू कशी हायेस?"

"मी बरी आहे."

"जेवली?"

मला खोटं बोलता आलं नाही. तारेवर नुसता पावसाचा आवाज येत राहिला, तिच्याकडचा का माझ्याकडचा ते कळेना.

"आयक," माय म्हणाली, "पानी थांबलं का एसटी धरजो. इथं कोरडं हाये. मी भात टाकतो."

दुपारी पाऊस थोडा उघडला. मी मागच्या खोलीची खिडकी लावली, न वापरलेल्या खाटेवर चादर टाकली आणि दोन साड्या पिशवीत भरल्या. तिला माझ्याकडे आणू पाहणारी मी, तो उरलेला पावसाळा तिच्याकडे राहिले.