अध्यक्ष, कोट आणि फ्रीझर

आमच्या खाडीकाठच्या गावातला मी पहिला बीए. कुवेतमध्ये हे मी भेटेल त्याला सांगत असे, तो विचारो न विचारो. खैतानमधल्या आमच्या सहाजणांच्या मेसनं म्हणूनच मला अध्यक्ष केलं. काम एकच: मुंबईहून आलेली शिळी वर्तमानपत्रं जेवताना मोठ्यानं वाचायची.

त्या उन्हाळ्यात विषय होता अमेरिकेच्या अध्यक्षांचा. आधीच्या अध्यक्षाच्या माणसांनी फ्रीझर भेट म्हणून घेतले होते. आताच्या अध्यक्षाच्या मुख्य सहायकानं एका व्यापाऱ्याकडून उंची लोकरीचा कोट घेतला आणि त्याला घरी जावं लागलं. मग दोघांत प्रामाणिक अध्यक्ष कोण?

"कोट ही काय लाच झाली?" आमचा स्वयंपाक करणारे रत्नागिरीचे चाचा म्हणाले. "या उन्हात कोट देणं म्हणजे दुश्मनी. फ्रीझरवाला चोर!"

"चाचा, तिकडे बर्फ पडतो."

"बर्फ पडतो आणि वर फ्रीझर घेतला? मग तर डबल चोर!"

मी ठणकावून सांगितलं, कोट असो की फ्रीझर, परत करायला हवा होता.

मी एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो. पुढच्याच आठवड्यात एका ठेकेदाराचं दगड झालेलं सिमेंट मी नाकारलं. संध्याकाळी घरी येतो तो मेसमध्ये त्याच ठेकेदारानं पाठवलेला पांढराशुभ्र फ्रीझर. चाचांनी तो सुरू करून, बाजारातून नऊ हमूर मासे आणून आत कोंबलेसुद्धा.

"परत पाठवा."

"तुला कुठे दिलाय? मेसला दिलाय," चाचा म्हणाले. "अध्यक्ष साफ, घेतात ती त्याची माणसं. तूच वाचलंस ना?"

त्यांनी गार पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. खोटं कशाला बोलू, मी प्यायलो. दात कळवळले, इतकं गार. आणि त्याच घोटाला कळलं, की उद्या तेच सिमेंट पुन्हा आलं तर माझा हात सही करणार.

मी जाऊन ठेकेदाराची लॉरी बोलावली. फ्रीझर गेला. मासे आमचे होते, ते राहिले, आणि त्या उकाड्यात दुसऱ्या दिवशीची दुपारही काढणारे नव्हते. त्या रात्री हमूरचं कालवण, तळलेला हमूर, सकाळी चहाबरोबर हमूर.

चाचांनी शेवटचा काटा ताटात टाकला आणि निकाल दिला. "अध्यक्ष, तू त्या दोघांपेक्षा प्रामाणिक. पण मत त्यांनाच देईन. त्यांनी आपल्या माणसांचे असे हाल नाही केले!"