गाडी अडवल्याचा दावा

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्या तपासून खरं-खोटं सांगणारी एक वेबसाइट आहे. तिचा पत्ता मीच मुलांना लिहून दिला होता. घरच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं की मी तिथं शोधायचे आणि सापडलेलं लगेच टाकायचे. त्यात थोडी शेखीही होती.

गेल्या हिवाळ्यात थोरल्या भावानं ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तो मुखेड तालुक्यात आमची शेती बघतो. व्हिडिओत गर्दीनं एका पुढाऱ्याची गाडी घेरली होती आणि काचांवर दगड पडत होते. खाली लिहिलं होतं की विजेची जळालेली डीपी महिनाभर बदलली नाही, म्हणून आमच्या गावच्या फाट्यावर लोकांनी सत्तेतल्या पुढाऱ्याला अडवलं. मी वेबसाइट उघडली. व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला आणि जुना होता. शीर्षक होतं, 'मुखेड तालुक्यात पुढाऱ्याची गाडी अडवल्याचा दावा खोटा'. मी ते ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, दादा, पाठवायच्या आधी बघत जा. भाच्यांनी हसण्याची चिन्हं टाकली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. बाकीचं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी हे सोता फाट्यावर उभे होते. गाडी अडवली ते खरं हाय."

मी दादाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

ही वेबसाइट सत्तेतल्यांना सांभाळून घेते की काय, याशिवाय त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचेना. वेबसाइटनं वर्षभरात काय काय तपासलं ते एकेक उघडून वाचत बसले. कुणाचं खोटं जास्त पकडलंय, कुणाचं सोडलंय, वहीत खुणा करत गेले. सत्तेतल्या पक्षाची प्रकरणं जास्त भरली. पण सत्तेतले लोक बोलतातही जास्त, मग त्याला झुकतं माप म्हणायचं की नाही, ते ठरवता येईना. बहुतेक ठिकाणी पुरावे नीट जोडलेले होते. चूक झाल्यावर खाली तशी नोंदही होती. स्टाफरूममध्ये विषय काढला तर इतिहासाचे सर म्हणाले, ती वेबसाइट विरोधकांचीच आहे, सगळ्यांना माहीत आहे. आणि गावाकडं, वहिनी सांगत होती, लोक म्हणत होते की ती सरकारनं विकत घेतलीय. दोन्ही बाजूंनी इतक्या खात्रीनं बोललं जात होतं की मला माझ्या खुणांचाच भरवसा वाटेना.

रविवारी एसटीनं गावी गेले. दादा ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मी शेजारी बसून विचारायला लागले. गाडी किती वाजता आली, किती वेळ थांबली, किती माणसं होती, दगड कुणी मारले. त्यानं सगळं सांगितलं. अर्धा तास गाडी थांबली, पुढाऱ्यानं खाली उतरून ऐकून घेतलं, दगड एकानंही मारला नाही. मग मी विचारलं, कुणाकडं फोटो आहे का?

त्याचा हात थांबला.

"बाई, म्या सांगितलं ते पुरत न्हाई का तुला?"

मी म्हटलं, मला पुरतं, वेबसाइटवाल्यांना पुरणार नाही. पण ते पूर्ण खरं नव्हतं आणि त्यालाही ते कळलं असावं.

"मग तो व्हिडिओ का टाकलास?" मी विचारलं. "दगड तर कुणी मारले नव्हते."

"आला तसा टाकला. झालेलं खोटं न्हाई ना?"

शेवटी वहिनीनंच शेजारच्या घरून एकाचा फोन आणला. त्यात दोन फोटो होते. फाट्यावरचा हॉटेलाचा पत्रा, थांबलेली गाडी आणि गर्दीत पाठमोरा दादा.

फोटोवरचे चेहरे झाकून मी ते वेबसाइटला पाठवले. सोबत लिहिलं की व्हिडिओबद्दलचा तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, शीर्षक मात्र चूक आहे. चार दिवस उत्तर आलं नाही. त्या चार दिवसांत वर्गावर जाताना एकच विचार यायचा. एखाद्या मुलीनं त्या वेबसाइटबद्दल विचारलं असतं तर काय सांगणार होते? पाचव्या दिवशी शीर्षक बदललं. व्हिडिओ तिथला नाही, गाडी मात्र अडवली गेली होती, असं आता लिहिलं होतं. खाली दुरुस्तीची बारीक अक्षरांतली एक ओळ होती. कुणी तक्रार केली नसती तर त्यांनी गावात कुणाला विचारलं असतं का, हे मला आजही माहीत नाही.

मी दुरुस्ती ग्रुपवर टाकली आणि दादाची माफी मागितली. पहिलं जितक्यांनी वाचलं होतं, तितक्यांनी हे उघडलंही नसावं.

दादाचा फोन पंधरा दिवसांनी आला. डीपी बसली, म्हणाला. हरभरा कसा आहे ते सांगितलं. मग म्हणाला, "एक मेसेज आलाय. खरा हाय का बघून सांग."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तो मेसेज कितीदा तरी वाचला. त्या वेबसाइटवर पाहिलं, आणखी दोन ठिकाणी पाहिलं, तालुक्यातल्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला. तरीही दादाला लिहिलेलं उत्तर पाठवायच्या आधी दोनदा खोडलं.