वाढवून सांगितलेलं वय

राजाबाई आपल्या बहिणीच्या चाळीत पहिल्यांदाच आली, तेव्हा शेजारची सावित्रम्मा दारात बसून नवऱ्याच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मंगळवेढ्याकडच्या वाडीवरून गाडीमागं चालत आलेली ही धनगरीण, गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर घोंगडं, हातात लोकर कातायची चाती अजून फिरतेच आहे. तिच्याकडे बघून सावित्रम्मा म्हणाली, "आईला बघायला आली काय बाई? लई खोकते म्हातारी."

राजाबाईला हसू आवरेना. "आई कुठली गं बाय! धाकटी भन हाय ती माजी."

सावित्रम्माच्या हातातली कांडी थांबली. आत वाकळेवर बसलेल्या चिमाबाईला सगळं ऐकू आलं. तिलाही हसायचं होतं, पण हसू मागं राहिलं आणि खोकला पुढं आला.

दोघींत अंतर दोनच वर्षांचं. दोघीही पन्नाशीच्या आसपासच्या. पण राजाबाई अजून दातांनी शेंगा फोडायची आणि दिवसभर मेंढरांमागं चालायची. चिमाबाईला कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जायचं तरी वाटेत बसावं लागे. घागर तर तिची नात बाळीच आणायची.

हे सगळं सुरू झालं अठराशे शहाण्णवच्या दुष्काळात. मेंढरं जगवायची म्हणून बाप पाऊसपाण्याच्या मुलखाकडं निघाला. थोरली चालेल, धाकटी वाटेतच मरेल, असं त्याला वाटलं. म्हणून चिमीला त्यानं सोलापुरात आपल्या बहिणीकडं, बसव्वाकडं ठेवलं. ठेवलं ते मायेनंच. बसव्वानं तिला आपल्याबरोबर गिरणीत न्यायचं ठरवलं. पोर अकरा वर्षांची, आणि चौदाच्या आतल्या पोरांना तिथं अर्धाच दिवस काम मिळायचं. मग बसव्वानं तिला आपलं लुगडं नेसवलं आणि बजावलं, "डाक्तर आला की लुगड्याखाली टाचा उचलून हुबी ऱ्हा. वय इचारलं तर चौदा सांग."

डॉक्टरनं दात बघितले. टाचा कुणी बघितल्या नाहीत.

ज्या वयात पोरी झोपेतसुद्धा वाढतात, त्या वयात चिमी भोंग्याबरोबर उठू लागली आणि दिवसभर कापसाचं तूस छातीत भरू लागली. तिकडं राजीही उपाशी राहिली, उन्हात करपली, पण तिच्या वाट्याला मेंढीचं दूध आलं, मोकळं वारं आलं आणि चालणं आलं. आता दोघी समोरासमोर बसल्या, तर त्या वर्षांचा सगळा फरक दोन तोंडांवर उमटलेला.

"चिमे, मी तुला न्ह्यायला आलीय," राजाबाई म्हणाली. "वाडीची गाडी बाजाराला आलीय, तिच्यातनं जाऊ. यंदा ज्वारी थोडी पिकलीय, पर माजा ल्योक म्हनला, एक मानूस वाढलं तर निभंल. तितलं वारं लागलं की बग कशी उठून बसतीस!"

चिमाबाईचा हात उशाखालच्या दुसऱ्या लुगड्याकडं गेला. एवढ्या वर्षांत तिनं स्वप्नात कितीदा वाडीची ती वाट चालून घेतली होती. लुगड्याची घडी हातात घेऊन ती उठली आणि दारापर्यंत आली.

बाहेर तिचा मुलगा बिरप्पा बाळीला समोर उभी करून गिरणीच्या डॉक्टरपुढं कसं उभं राहायचं ते शिकवत होता. दहा वर्षांच्या बाळीनं वारलेल्या आईचं लुगडं नेसलं होतं. "आनखी वर," बिरप्पा म्हणत होता, "आनखी. हां. आता बाराच्या खाली घेत न्हाईत, इचारलं तर बारा पुरी झाली म्हनायचं." बाळीला हा खेळच वाटत होता. तोल जाऊन ती हसत हसत खांबाला धरत होती.

"बिरप्पा, पोरीच्या टाचा खाली टेकू दे," चिमाबाई म्हणाली.

"आये, तू बी अशीच गेलीस की. काय बिगडलं?"

चिमाबाई चौकटीला धरून नुसती धापा टाकत राहिली. बिरप्पानं मान खाली घातली.

धाप ओसरल्यावर ती बहिणीकडं वळली. "अक्का, एका मानसाची सोय हाय न्हवं तुज्याकडं? मग बाळीला न्हे."

"आन तू? तुला पानी कोन आनून देनार?"

"माज्या छातीचं व्हायचं ते झालं. हिची अजून धड हाय."

बिरप्पा काहीतरी म्हणणार होता. पण आईनं आजवर त्याच्यापाशी काही मागितल्याचं त्याला आठवेना. त्यानंच बाळीच्या अंगावरचं ते लुगडं सोडलं आणि तिला तिचं परकर-पोलकं दिलं.

निघताना चिमाबाई थोरलीच्या पाया पडायला गेली. पाठ अर्ध्यातच अडली. तेवढ्यात राजाबाईनंच खाली वाकून तिच्या पायांना हात लावला.

"अगं अक्का! मला पाप लावतीस व्हय?"

"पाप कसलं? मी तवा तेरा वर्सांची आन तू गिरनीत चौदाची. तूच थोरली की!" राजाबाई हसत म्हणाली, आणि मग तिला पुढं हसता आलं नाही.

बाळी आजीच्या गळ्यात पडली. "तू कदी येशील?"

"पुढल्या बाजाराला," चिमाबाई म्हणाली. राजाबाईनं दुसरीकडं बघितलं.

त्या दोघी चाळीबाहेर पडल्या. बाळीची पावलं मातीवर सपाट पडत होती. अनवाणी, भरभर. बाजाराच्या गर्दीत घोंगडं दिसेनासं झालं, तेव्हा चिमाबाईनं भिंतीला धरून टाचा उचलल्या. क्षणभर बाळीचं डोकं दिसलं, मग तेही नाही.

टाचा टेकून ती पायरीवर बसली. श्वास परत यायला बराच वेळ लागला. मग ती आत गेली, रिकाम्या घागरीकडं बघितलं, आणि तांब्या घेऊन नळाकडं निघाली.