वैनीचं रडणं राहिलं

रडणं ही कला आहे, हे मी सांगलीतल्या कुणालाही पटवून देऊ शकले नाही. ते हसतात. म्हणतात, त्यात काय, सगळेच रडतात. सगळे नाही रडत. डोळ्यांतून पाणी सगळेच काढतात. वडूजच्या पलीकडं, आमच्या कोरड्या पट्ट्यात, माणूस गेलं की बायकांनी बोलून रडायचं असतं. मड्याच्या उशाशी बसायचं, त्याच्या तोंडाकडं बघायचं आणि हेल काढून त्या माणसाशी बोलायचं. काय केलंस, काय राहिलं, कुणी जेवू घातलं, कुणी छळलं. हे आधी पाठ करून येत नाही. तिथंच सुचावं लागतं. दहा बायका नुसतं “आई गं, बाई गं” करतात आणि एखादीला सुचतं. आमच्या गावात ते माझ्या वैनीला सुचायचं.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शाळा तिनं बघितली ती बाहेरून. दादा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. आबा, म्हणजे माझे वडील, तेही फौजेतूनच पेन्शनीत आलेले. घरात हुकूम चालायचा, बोलणं नाही. वैनी सासऱ्यासमोर मान वर करायची नाही, भाकरी वाढताना बांगडीचासुद्धा आवाज होऊ द्यायची नाही. पण गावात कुणी गेलं आणि ती जाऊन बसली, की तिरडी बांधणाऱ्या बाप्यांचे हात थांबायचे.

शेजारची एक म्हातारी गेली तेव्हा तिचा मुलगा आल्यागेल्याला सांगत होता, “लय सेवा केली म्हातारीची, कायबी कमी पडू दिलं न्हाई.” वैनी उशाशी बसली, पदर मागं सारला आणि सुरू झाली:

“आत्याबाई गं, तुज्या हातचं ताक सारी आळी प्याली,
आन् पान्याच्या घोटासाठी तू शेजारनीला हाक दिली गं.
तुज्या ल्योकाचं घर मोठं, आत्याबाई, लय मोठं,
तुजी हाक ह्या भितीपासनं त्या भितीपातुर पोचली न्हाई गं…”

मुलगा खाली मान घालून बसला. त्याला काही बोलता येईना, कारण मड्याच्या उशाशी बसलेल्या बाईला कुणी गप करायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. एरवी सगळीकडं गप बसवलेल्या बाईला तेवढी एक जागा होती. पुढं मी पत्रकं लिहायला लागले तेव्हा पक्षातले लोक विचारायचे, असं रोखठोक लिहायला कुठं शिकलीस? मड्याच्या उशाशी, म्हणायचे मी. त्यांना ती चेष्टा वाटायची.

आळीतली दुसरी एक खट म्हातारी होती. ती धुणं धुताना वैनीला डिवचायची, “माज्यावर काय रडशील गं? आत्ताच म्हनून दाव की. मेल्यावर मला काय ऐकू येतंय?”

“आवं, आदी मरा तर खरं.”

“मरंन गं. पर माज्या सुनंची कड घेऊ नगंस, सांगून ठिवते.”

“तुमी जित्तेपनी घेतली असती, तर मला कशाला घ्यावी लागली असती?”

पाण्यावरच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. म्हातारीही हसायची. तिची सून तेवढी पदरात तोंड घालून पिळे मारत बसायची.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई झाली आणि दादा गेला. तार आली. देह आला नाही. तिकडंच अग्नी दिला असं कळलं. आळीतल्या सगळ्या बायका आमच्या घरात येऊन बसल्या. त्यांचं रडून झालं आणि मग सगळ्या वैनीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ती कोरडी बसली होती.

“रड गं बाय, बोल कायतरी,” ती खट म्हातारी म्हणाली.

“कुनाशी बोलू? तोंड कुटं हाय म्होरं?”

एवढंच बोलली. बायका समजल्या. तोंड बघितल्याशिवाय हेल निघत नाही, हे त्यांना माहीत होतं. शिकलेल्यांना मात्र अजून सांगावं लागतं.

मग गावानं शोकसभा ठरवली. शाळेपुढं मांडव घातला, कर्णा बांधला. तालुक्याहून पुढारी येणार होते. दादाचा वर्दीतला फोटो मोठा करून आणला होता, काचेत बसवून. त्या सकाळी वैनी चुलीपाशी माझ्या कानाला लागली, “वन्सं, फोटूतबी तोंड हायच की. भागवंन मी तेवढ्यावर.” मी तिचा हात धरला तर हात गरम होता. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी दिसत होतं. तिला सुचायला लागलं होतं. ते सगळं आत जमा होऊन दाराशी आलेलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मांडवात तिला खुर्ची दिली. आयुष्यातली पहिली खुर्ची. पुढाऱ्यांची भाषणं सुरू झाली. दादाला ओळखणारा त्यात एकही नव्हता, पण प्रत्येकाला त्याच्याबद्दल भरपूर बोलायचं होतं. दुसरं भाषण संपता संपता वैनी खुर्चीवरून उठली, फोटोपुढं जमिनीवर बसली आणि पदर मागं सारला. बायकांच्या बाजूला कुजबूज थांबली.

“धनी वं…”

बस्स. दोनच शब्द. तो हेल अजून माझ्या कानात आहे. लगेच कर्ण्यावरून एकजण म्हणाला, “ताई, ताई, वीरपत्नीनं रडायचं नसतं. देश तुमच्याकडं बघतोय.” कुठला देश? समोर आमचं गाव होतं आणि दोन जीपगाड्या. तेवढ्यात आबा उठले. जुनी पदकं लावून बसले होते. जवळ येऊन, दात आवळून म्हणाले, “गप. सायबांम्होरं आबरू घालवू नगंस.”

वैनी गप झाली. कुणीतरी तिला धरून उभं केलं. शाळेच्या मास्तरांनी आदल्या दिवशी तिच्याकडून दोन वाक्यं घोकून घेतली होती, त्यांची आठवण करून दिली. तिनं कर्ण्यापुढं ती म्हटली, शुद्ध भाषेत: “माझे पती देशासाठी कामी आले. मला त्यांचा अभिमान आहे.” टाळ्या पडल्या.

“टाळ्या कशाच्या वाजवताय रं?” म्हातारी मागून ओरडली. “मानूस मेलंय!” तिलाही कुणीतरी खाली बसवलं.

त्यानंतर वैनी कधी रडली नाही. गावात मयत झाली की तिला बोलावणं यायचं. ती जायची, तोंडावर पदर धरून मागं बसायची. ती खट म्हातारीसुद्धा पुढं वारली. वैनी तिच्या उशाशी बसली, तोंड न्याहाळलं, ओठ हलले आणि मिटले. सून तेवढी तिच्याकडं आशेनं बघत होती. घरी येताना मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “धन्यांचं आडकलंय वन्सं, दारात. ते भाईर पडल्याबिगर मागचं कसं निगंल?”

मी पुढं सांगलीला कॉलेजला आले. मोर्चे, सभा, पत्रकं. आणीबाणीत आमची पत्रकं पकडली, सायक्लोस्टाईलचं यंत्र उचलून नेलं, आणि आम्ही छाती पिटली: बोलायचा हक्क गेला, लेखणीचा गळा घोटला! बरोबरच होतं. पण मला प्रत्येक सभेत वाटायचं, उठावं आणि विचारावं, माझ्या वैनीचा गळा घोटला तेव्हा कुठली आणीबाणी होती? ती तर हार घालून, कर्णा लावून, राष्ट्रगीत म्हणून झाली. तिच्यावर कोण पत्रक काढणार? एकदा एका कॉम्रेडला सांगितलं. तो म्हणाला, “हा वैयक्तिक प्रश्न आहे.” मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही.

एकदा वैनीला डोळे दाखवायला सांगलीला आणलं होतं. विश्रामबागेत ओळखीचे एक प्राध्यापक राहायचे, लोकगीतं गोळा करायचे. त्यांना कळलं तशी त्यांनी चहाला बोलावलं आणि टेपरेकॉर्डर मांडला. फार चांगला माणूस. म्हणाले, “ताई, ते मयतीचं एखादं म्हणून दाखवा ना.”

“कुनाचं?”

“कुणाचंही. नमुन्यादाखल.”

वैनीनं त्यांच्या घरभर नजर फिरवली. “तुमचं कोन गेलंय?”

“नाही, आमच्याकडं सगळे ठीक आहेत.”

“मग देव तसंच ठिवू दे,” ती म्हणाली आणि चहा बशीत ओतला. प्राध्यापक हसले.

परवाच्या उन्हाळ्यात शिराळ्याकडचा एक फौजी आमच्या घरी आला. दादाच्याच पलटणीतला, आता सुटून आलेला. मी गावी होते. आबा ओट्यावर बसले होते, त्यांना आता काठीशिवाय उठता येत नाही. फौजीनं त्यांना कडक सलाम ठोकला, आत येऊन पाणी प्याला, आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मग म्हणाला, “वैनी, याक काम राहिलंय माजं. लय उशीर झाला, माफ करा.”

“कसलं वं भावजी?”

“तो आमाला सांगायचा. म्हनायचा, माजी बायकू रडती तर मेलेलं उठून बसतंय. मी गेलो तर काय काय काढंल देव जाने. म्हनायचा, समद्या गावाला ऐकाया मिळंल आन् मलाच तेवढं न्हाई, हे काय खरं न्हाई गड्या. तू जगलास तर जाऊन इचारून ये.” तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. “म्हनून आलोय. तवा तुमी काय म्हनलात, तेवढं सांगा.”

वैनी खांबाला टेकून उभी होती.

“काय न्हाई म्हनले.”

“आवं, लाजू नगा. मी भाऊच हाय तुमचा.”

“न्हाई भावजी. मी रडलेच न्हाई.”

त्याला कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. आबांनी सगळं ऐकलं होतं. ते काठी टेकत उंबऱ्याशी आले आणि तिथंच खाली बसले. म्हणाले, “पोरी, तवा मी आडवलं. आता न्हाई आडवत. रड. हितंच बसतो मी, कोन आडवतंय बघतो.”

शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. कुणीतरी पोरांना हाकललं. वैनी घराच्या मधोमध येऊन बसली. पदर मागं सारला, पूर्वी सारायची तसाच. भिंतीवर तो फोटो होता, तिनं त्याच्याकडं पाठ केली आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. चुलीवरचं कालवण करपल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

तिनं डोळे उघडले. “मामंजी,” ती आयुष्यात पहिल्यांदा आबांकडं सरळ बघून बोलली, “त्यांचं तोंड न्हाई येत. डोळं मिटलं की ह्यो फोटूच म्होरं येतोय. टोपीवाला. त्यो कुनाचा कोन, त्येच्याशी काय बोलू?”

आबा रडायला लागले. बाप्या माणसाला शिकवलेलंच नसतं, नुसतं घशातून ओढत होते.

फौजी पुढं सरकला. गडबडीनं सांगायला लागला, जणू वेळ निघून चालला होता: हसताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा, वैनी. हनवटीला इथं दाढीचा वस्तरा नीट चालायचा न्हाई, तिथं कायम कापायचं. झोपेत दात खायचा. खोटं बोलला की कान लाल व्हायचे.

वैनी एकेक ऐकत होती. मान हलवत होती. गावोगावच्या बातम्या सांगणाऱ्या पाहुण्याला द्यावा तसा मधूनच हुंकार देत होती.

“व्हय का?” ती म्हणाली. “व्हय का?”