प्रशासक म्हणून चालवा

आधी चहा संपवा, मग सांगते. हे ऐकताना हमखास कोणाला तरी ठसका लागतो. फजिती माझीच आहे, तेव्हा एकही गोष्ट लपवणार नाही.

कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचं वाचनालय आहे आणि तिथली ग्रंथपाल मी. कपाटं चार, खुर्च्या सहा, आणि न चुकता रोज येणारा वाचक एकच: आमचे मामाजी. माझे चुलत सासरे हो. एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर चारही कपाटं वाचून काढली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्या कपाटापर्यंत आले आणि शुगरने डोळे गेले. तरी माणूस रोज यायचा. खिडकीजवळ बसून पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि पानावरून नुसता हात फिरवायचा. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू चांगली वाचते, सुनंदा. पन मले कोनाच्या भरोशावर नाई वाचायचं. ड्रायव्हर मानूस आहो मी. बाजूच्या सीटवर बसून गाडी चालली असं नाई वाटत मले."

हे मी अकोल्याच्या माझ्या भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते मराठीत मोठ्याने वाचतं. डोळ्यांनी न दिसणारे लोक कळा दाबत आपलं आपण वाचतात. डाऊनलोड कर, दोनदा टिचकी मार, झालं."

झालं म्हणे. डाऊनलोड व्हायला अर्धा तास लागला, कारण आमच्याकडे वारा असेल तसं नेटवर्क. मामाजी शेजारी कान देऊन बसलेले. मी दोनदा टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग एक चौकट आली.

इथे एक कबूल करते. वाचनालयाचा तो लॅपटॉप मी हौसेने सगळाच्या सगळा मराठीत करून ठेवला होता. मराठी वाचनालयात इंग्रजी पडदा कशाला, असा माझा बाणा. तर चौकटीत शुद्ध मराठीत लिहिलं होतं, की ही फाईल प्रशासक म्हणून चालवणे आवश्यक आहे.

मी थक्क. तुम्ही तरी काय समजला असता? आमच्या ग्रामपंचायतीची मुदत संपलेली, निवडणूक लांबलेली, सरपंच घरी, आणि पंचायत समितीतले एक साहेब गावावर प्रशासक म्हणून नेमलेले. त्यांच्या सहीशिवाय गावात दिव्याचा बल्ब बदलत नव्हता. पण ही बातमी लॅपटॉपला कोणी दिली? मला त्या मशीनचं कौतुकच वाटायला लागलं.

"काय म्हन्ते ते?" मामाजींनी विचारलं.

"याला प्रशासक पाहिजेत."

"आपल्या गावात प्रशासक हाय, हे त्याले कसं समजलं?"

"तेच पाहून राह्यली, मामाजी."

"सरकारी मशीन हाय. वरतून माह्यती येत असन."

मला पटलं. तरी चैन पडेना, म्हणून मी त्या फाईलवर उजवी टिचकी मारून पाहिली. एक यादी उघडली. त्यात स्पष्ट लिहिलेलं: "प्रशासक म्हणून चालवा."

म्हणजे बघा, औषध माझ्या बोटाखाली होतं. दाबायचा अवकाश होता. पण मी हात मागे घेतला. प्रशासक म्हणून? मी? साहेबांचं सोंग घेऊन सरकारी मशीनवर फाईल उघडायची? इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कोणाची खोटी हजेरीसुद्धा लावली नाही. मला वाटलं, मशीन माझं इमान तपासून पाहतंय. आणि खरं सांगते, त्या मोहाला बळी न पडल्याचा मला फार अभिमान वाटला.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, ॲडमिन म्हणून चालव ना."

"पण ॲडमिन मी कुठे आहे?"

"मग कोण आहे?"

"साहेब. कारंज्याला बसतात."

"असं होय. मग त्यांनाच विचारावं लागेल."

आता बोला. शिकलेल्या माणसानेही शिक्कामोर्तब केलं. मी लगेच अर्ज लिहिला. विषय: वाचनालयातील फाईल आपल्या पदनामाने चालविण्यास परवानगी मिळणेबाबत. ग्रामसेवकांनी तो वर पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं: सदर फाईल समक्ष सादर करावी.

तोवर गावभर झालं होतं. पिठाच्या चक्कीवर शेजारीण म्हणाली, "काहून वं सुनंदा, तुही फाईल अडकली म्हन्ते? चौकशी लागली का काय?"

"अगं, फाईल कॉम्प्युटरमध्ये आहे."

"हाव का? म्हंजे ऑनलाईन चौकशी."

दोन दिवस बायका माझ्याकडे अशा पाहत होत्या की मलाच शंका यायला लागली, आपण खरंच काही केलं तर नाही ना.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण सातव्या दिवशी संध्याकाळी मामाजी उठताना म्हणाले, "उद्यापासून नाई येत मी. नुसतं बसाचंच हाय तं मारोतीच्या देवळात बसतो. पुस्तकाच्या जवळ बसलो का जास्त त्रास होते." काठी टेकत गेले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एवढ्या वाचलेल्या माणसाला मी काय देऊ शकत होते, तर एक फाईल, आणि तीही उघडेना.

सकाळी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला, मामाजींना घरून उठवलं आणि जीपने कारंजा गाठलं.

साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. "कुठे आहे फाईल?" त्यांनी विचारलं.

मी टॉवेल सोडून लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. "यात आहे, साहेब. तुमच्याशिवाय ती उघडत नाही."

साहेब खुर्चीत जरा सावरून बसले. इतक्या वर्षांत कोणत्याही फाईलने त्यांना असा मान दिला नसावा. मी उजवी टिचकी मारली, यादी उघडली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "दाबा, साहेब. आपल्या हाताने."

त्यांनी वाचलं. चष्मा खाली ओढून परत वाचलं. "बाई, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर पण हेच लिहून येते."

"येणारच ना, साहेब. तुम्ही प्रशासकच आहात."

शेजारच्या टेबलावरचे बाबू खोकायला लागले. साहेबांनी मात्र लॅपटॉप ओढला, दोन-चार ठिकाणी दाबलं, कुठलंसं पान उघडलं आणि त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुम्हीच दाबा. तोंडी आदेश समजा."

वरचा हुकूम मिळाल्यावर काय भीती? मी दाबलं. पट्टी सरकली, संपली, आणि एका बाईच्या कोरड्या आवाजात मशीन बोलायला लागलं. साहेबांनी उघडून ठेवलेलं पान तिने सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं.

"तुमची माहिती. सुनंदा. प्रशासक."

मी पडद्यावर वाकून पाहिलं. माझ्या नावाखाली तेच लिहिलं होतं. हा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने नाव विचारलं होतं आणि मी माझं टाकलं होतं. तेव्हापासून त्या मशीनची मालकीण, हुकूम देणारी, प्रशासक, सगळं मीच. ग्रामपंचायतीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मामाजी पुढे सरकले. "कोन्ती कळ?"

मी त्यांचं बोट वर-खाली जाणाऱ्या बाणांवर ठेवलं. त्यांनी दाबली. "सुनंदा." पुन्हा दाबली. "प्रशासक." मागे गेले, परत पुढे आले, तीनदा तेच वाचलं. कोणी वाचून दाखवत नव्हतं, ते स्वतः वाचत होते. माझे डोळे भरून आले. क्षणभर तर मी माझा मूर्खपणाही विसरले.

पण ते विसरू देतील तर ना.

"सुनंदा, म्हंजे आठ दिवसांपासून ज्याच्या परवानगीसाठी आपन थांबलो होतो, तो प्रशासक तूच होय?"

"हो, मामाजी."

"अन् हे यात लिहेलच होतं?"

"हो."

मामाजींनी बाणावरचं बोट न उचलता मान हलवली आणि म्हणाले, "मले तं आल्या आल्या दिसलं."