शरदचंद्रांचा डावा हात

शरदचंद्र निंबकरांच्या तीन गोष्टींना नावं ठेवायची नाहीत, असा घरात कायदाच होता: अवाडीच्या रणगाडा कारखान्यातली त्यांची पस्तीस वर्षांची वेल्डिंगची नोकरी, त्यांच्या हातचं रसम आणि सासष्ट सालची हेराल्ड गाडी. लग्न होऊन चेन्नईत आलेल्या अलकनंदाबाईंना स्टेशनवरून घरी आणलं ते ह्याच गाडीतून. तेव्हापासून दर लग्नाच्या वाढदिवसाला दोघं हेराल्डने महाबलीपुरमला जायची, एकेक शहाळं प्यायची आणि परत यायची. एकोणचाळीस वर्षांत खंड नाही!

चाळिसाव्या वर्षी मात्र सुनेने खोडा घातला. कीर्तीची नोकरीच मुळी नव्या गाड्या भिंतीवर आपटून बघायची.

"बाबा, हिला सीटचे पट्टे नाहीत. आई हिच्यातून हायवेवर जाणार नाहीत," ती म्हणाली.

"मग माझा डावा हात इतकी वर्षं काय करतोय?"

हे मात्र खरं होतं, बरं का. ब्रेकवर पाय पडला की शरदचंद्रांचा डावा हात आपोआप बायकोसमोर आडवा जायचा. शिवाय कारखान्यातून आली तशी गाडी राखल्याबद्दल त्यांना जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सहा कप मिळाले होते. पट्ट्यांसाठी एक भोक पाडलं की सातवा विसरा! ते ढिम्म हलेनात. अलकनंदाबाईंचा जीव तर त्या सहलीत अडकलेला, पण सूनही काही उगाच बोलणारी नव्हे. "तुमचं दोघांचं एकमत होईपर्यंत मी कपाटातून साडी काढत नाही," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. कीर्तीने वाद घातलाच नाही. रविवारी कॉलनीच्या रिकाम्या मैदानावर गाडी काढायला लावली, अलकनंदाबाईंना कडेला उभं केलं आणि शेजारच्या सीटवर इडलीच्या तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं ठेवलं.

"वेग तीसच ठेवा. मी रुमाल हलवला की ब्रेक मारा आणि ह्याला धरा."

"ह्यात काय मोठंसं!"

रुमाल हलला. ब्रेक लागला, हातही वेळेवर आडवा गेला, आणि पोतं त्या हाताला न जुमानता डॅशबोर्डवर जाऊन फुटलं. गाडीभर तांदूळच तांदूळ! कीर्ती धावत आली, पण हसली नाही. शरदचंद्र खांदा चोळत त्या सीटकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं होतं.

"अलका, इतकी वर्षं तुला देवाने सांभाळलं गं. मी नाही. आणि हे तर नुसतं पंचवीस किलो..."

"माझं वजन काढू नका!" अलकनंदाबाई म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरले होते.

दुसऱ्याच दिवशी कीर्तीने खांद्यावरून जाणारे नवे पट्टे आणले आणि शरदचंद्रांनी ड्रिल हातात घेतलं. पहिलं भोक पाडताना त्यांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी कीर्ती गाडीखाली शिरली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, बोल्ट नुसत्या पत्र्याला? झटका बसला की पत्रा फाडून वर येतील!"

जन्मभर रणगाड्याचं पोलाद जोडणाऱ्या माणसाने अशी चूक करावी! शरदचंद्रांनी जीभ चावली. मग पुढचे दहा दिवस त्यांनी जेवणाचंही भान ठेवलं नाही. प्रत्येक बोल्टखाली तळहाताएवढी जाड पोलादी पट्टी घातली, गाडीच्या दाराजवळचा खांब आतून भक्कम केला, आणि कीर्तीने बोल्टन् बोल्ट ओढून बघितला.

"पास!" ती म्हणाली. सातव्या कपाचं नावही न काढता शरदचंद्रांनी कॉलनीत पेढे वाटले.

वाढदिवसाला सकाळी अलकनंदाबाई जांभळी कांजीवरम नेसल्या आणि पट्टा लावून राणीसारख्या बसल्या. महाबलीपुरमच्या वाटेवर कोवलमच्या पुढे एक बकरी तुरुतुरु रस्त्यात आली. शरदचंद्रांनी करकचून ब्रेक मारला. पट्ट्याने अलकनंदाबाईंना जागच्या जागी घट्ट धरलं, बकरी पलीकडे गेली, आणि हेराल्ड बंद पडली.

डावा हात मात्र आडवा गेलेलाच होता.

"अहो, आता पट्टा आहे ना?"

"सवय गं." ते ओशाळून हात मागे घेऊ लागले, तेवढ्यात अलकनंदाबाईंनी तो धरला.

"अलका, सोड, गिअर टाकायचाय."

"टाकाल सावकाश," त्या म्हणाल्या आणि हात काही सोडला नाही. मागे बसचा हॉर्न वाजत होता.